विद्यापीठाचा कॅम्पस सांभाळायला घेताय? पहिलं वर्ष असं काढा

रुजू झालात की पहिल्या दिवशी तुम्हाला केबिन दाखवतील. चहा येईल, एखादं गुलाबाचं फूल येईल. फूल घ्या, चहा प्या आणि पंपरूमची चावी मागा. पाच मिनिटांत चावी आली तर कॅम्पस बऱ्यापैकी ताळ्यावर आहे. 'ती नानांकडे असते, नाना रात्रपाळीला आहेत' असं उत्तर आलं, तर पहिलं वर्ष कसं जाणार ते तिथेच कळेल.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला. आधी महाप्याच्या एका आयटी पार्कमध्ये आणि नंतर नवी मुंबईतल्याच एका विद्यापीठात एस्टेट विभाग (इमारती आणि देखभाल) सांभाळला. आयटी पार्कमधून किंवा हॉटेलमधून विद्यापीठात येणाऱ्यांना पहिले सहा महिने जड जातात. तिकडे एक भाडेकरू, एक करार, एक प्रमुख. इकडे हॉस्टेल चोवीस तास चालतं, प्रयोगशाळांचे स्वभाव वेगवेगळे, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं, आणि प्रत्येक विभागप्रमुखाला आपलाच एसी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यात पैसा फाइलीवरून चालतो. टिपणी, तीन कोटेशनं, खरेदी समिती, वित्त अधिकारी, कुलसचिव.

दुरुस्ती प्लंबर करतो, इलेक्ट्रिशियन करतो, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) करतो. वरिष्ठ माणसाला पगार मिळतो तो कोणती गोष्ट कधी बंद ठेवायची हे ठरवण्यासाठी. जी यंत्रं आपण आपल्या सोयीनं बंद ठेवत नाही, ती त्यांच्या सोयीनं बंद पडतात. आणि त्यांची सोय बहुधा सत्र परीक्षेच्या पहिल्या पेपरला असते. खालचा सगळा प्रपंच यासाठी.

पहिला महिना: चाला आणि लिहा

पहिले पंधरा दिवस रोज दोन तास चाला. सोबत कॅम्पसमधला सगळ्यात जुना प्लंबर किंवा वायरमन घ्या, अभियंता नको. अभियंत्याकडे ड्रॉइंग असतं, जुन्या माणसाकडे ड्रॉइंगनंतर काय काय बदललं ते असतं. त्याला 'काका' म्हणा, खांद्याला खांदा लावून चाला, आणि त्याच्यादेखत वहीत लिहा. आपलं म्हणणं कोणी लिहून घेतंय हे बघून माणूस खुलतो.

आमच्याकडे हॉस्टेलच्या मुख्य पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेला होता. रस्ता नव्यानं केला तेव्हा कोणी चेंबर वर उचललंच नाही. ड्रॉइंगमध्ये तो झाडाच्या पूर्वेला होता, आणि ते झाड केव्हाच पडलं होतं. काकांनी दोन पावलं मोजली, टाच आपटली आणि म्हणाले, "साहेब, इथं." ते त्याच वर्षी निवृत्त होणार होते. त्या संध्याकाळी मी प्रत्येक व्हॉल्व्हला पितळी बिल्ला आणि नंबर द्यायचा निर्णय घेतला. फोटो, नंबर, कुठल्या इमारतीचं पाणी तोडतो, किती फेऱ्यांत बंद होतो, शेवटचा कधी फिरवला. एवढंच लिहायचं. जो व्हॉल्व्ह दोन वर्षांत फिरवलेला नाही तो ऐन वेळी फिरणार नाही असं धरून चाला.

यंत्रांची नोंदवही याच महिन्यात सुरू करा. सॉफ्टवेअरच्या सेल्समनना तीन महिने लांब ठेवा. साध्या एक्सेलमध्ये यंत्राचा नंबर, जागा, कंपनी, क्षमता, बसवल्याचं वर्ष, एएमसी कोणाची, संपते कधी, शेवटचा मोठा खर्च, आणि 'हे बंद पडलं तर काय अडतं' हा रकाना. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तोच कामाचा. तो भरताना प्राध्यापकांशी बोलावं लागतं. जीवशास्त्र विभागात उणे ८० अंशांचा फ्रीजर आहे, त्यात कोणाचे तरी चार वर्षांचे नमुने आहेत, आणि तो साध्या प्लगवर लावलाय, डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) लाइनवर नाही, हे मला अशाच गप्पांमधून कळलं.

कागदांचं कॅलेंडर

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी दुसऱ्या महिन्यात उरकाच. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावा आणि प्रत्येक मुदतीच्या साठ दिवस आधी लाल खूण करा, कारण टिपणी फिरायला साठ दिवस लागतात.

आग: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून 'नमुना ब' (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. एजन्सी कागद देते, पण तुम्ही त्या दिवशी स्वतः गच्चीवर उभे राहा. सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर (आगीच्या पाण्याच्या नळावर) गेज लावून साडेतीन किलो दाब येतो का ते बघा. मग मुख्य पंपाची वीज तोडायला सांगा आणि डिझेल पंप आपोआप उचलतो का ते पाहा. पॅनेलवर सिलेक्टर स्विच 'मॅन्युअल'वर ठेवलेला सापडला तर चिडू नका, अर्ध्या ठाणे जिल्ह्यात तो तसाच सापडेल. ऑटोवर टाका आणि का काढला होता ते विचारा. बहुधा कुठेतरी गळती असते, जॉकी पंप (लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप) सतत चालू होतो, आणि रखवालदाराला झोप लागत नाही. गळती काढली की स्विच जागेवर राहतो.

लिफ्टची तपासणी (सरकारी कागदावर तिला 'उद्वाहन' म्हणतात), विद्युत निरीक्षकांचं काम, सांडपाणी प्रकल्पासाठी एमपीसीबीचं (प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) संमतीपत्र, मेसचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना, सुरक्षा एजन्सीचा परवाना, हे सगळं त्याच तक्त्यावर. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होत असेल तर तुम्ही मोठे कचरा उत्पादक ठरता, म्हणजे ओल्या कचऱ्याची सोय आवारातच करावी लागते. डीजीचं जळकं ऑइल आणि जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. त्यांची नोंद ठेवून अधिकृत माणसालाच द्यायच्या.

शटडाऊनचं वेळापत्रक: खरं काम इथे

शैक्षणिक कॅलेंडर हातात येताच परीक्षा विभागात जाऊन बसा. परीक्षा, प्रवेश, दीक्षान्त समारंभ, नॅकचं (दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं) मूल्यांकन, युवा महोत्सव, मोठी परिषद हे दिवस आधी लाल करा. जे पांढरं उरतं त्यातच तुमचं वर्ष आहे. मुंबई परिसरातल्या बहुतेक विद्यापीठांत मोठ्या खिडक्या दोनच सापडतात. एक दिवाळीची सुट्टी, दुसरी उन्हाळी परीक्षा संपल्यापासून पाऊस पडेपर्यंत. दुसरी खिडकी कागदावर मोठी दिसते, हातात तीन आठवडे येतात.

प्रत्येक मोठ्या शटडाऊनची आखणी उलट्या दिशेनं करा. समजा दिवाळीत एचटी (उच्चदाब) पॅनेल, ट्रान्सफॉर्मरचं तेल आणि अर्थिंग तपासायचंय. महावितरणकडे पुरवठा बंद ठेवण्याचा अर्ज आणि ठेकेदाराचा आदेश दोन्ही महिनाभर आधी हवेत. पंधरा दिवस आधी सगळ्या विभागांना पत्र जातं. इथे बहुतेक जण चूक करतात, 'दि. अमुक रोजी सकाळी ८ ते सायं. ५ वीजपुरवठा बंद राहील' असं परिपत्रक काढून मोकळे होतात. ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी एक पानी फॉर्म पाठवा: तुमच्याकडे न थांबवता चालणारं काय आहे, ते किती तास विजेशिवाय राहू शकतं, त्या दिवशी हजर कोण असेल, त्याचा मोबाइल. उत्तर न देणाऱ्या विभागात स्वतः जा. हॉस्टेलही विसरू नका. दिवाळीत सगळे घरी जातात हा आपल्याकडचा समज आहे, लांबच्या राज्यांतली मुलं तिथेच असतात आणि त्यांना पाणी लागतं. टाक्या आदल्या रात्री भरून ठेवा.

कामाच्या दिवशी नियम साधा: ज्यानं स्विच पाडला त्याचं कुलूप, त्याची चावी त्याच्याच खिशात, आणि कुलपाला त्याच्या नावाची चिठ्ठी. 'अरे, लाइन चालू कर रे' अशी हाक कितीही मोठ्या माणसाची असली तरी कुलूप काढायचं नाही. हे तुम्ही स्वतः पाळलंत तरच पोरं पाळतील. एकदा कुलसचिवांच्या दालनातला दिवा लावायला मला फोन आला होता. मी 'सर, दोन वाजता' म्हणालो. दोनला दहा मिनिटं असताना लाइन चालू झाली आणि विषय संपला.

पुरवठा परत देताना टप्प्याटप्प्यानं द्या. आधी पंप आणि लिफ्ट, मग प्रयोगशाळा, शेवटी एसी. सगळं एकदम उचललं की कमाल मागणी (एका वेळी ओढलेला सगळ्यात जास्त भार) उसळते आणि तो आकडा महिन्याच्या बिलात बसतो.

पाऊस: नवी मुंबईचं वेगळं गणित

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून. तुमच्या कामाची शेवटची तारीख ३१ मे धरा, कारण वळीव कोणाला विचारून येत नाही.

नवी मुंबई समजून घेतल्याशिवाय इथल्या कॅम्पसचा पावसाळा निभावत नाही. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठची खाजण जमीन भराव टाकून उभी केली गेली. खालच्या भागांतलं पाणी मोठ्या नाल्यांतून धारण तलावांत येतं. खाडीच्या तोंडाशी झडपा आहेत. भरती आली की झडपा मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की बाहेर जातं. आता कल्पना करा, भरती साडेचार मीटरच्या वर, त्याच तीन तासांत मुसळधार पाऊस, आणि तलावात गाळ. रस्त्यावरचं पाणी जायला जागा नाही. तुमच्या गेटसमोरची गटारं कितीही साफ असोत, त्या तीन तासांत पाणी उलट आत येऊ शकतं. म्हणून मेमध्येच वर्षाचं भरतीचं वेळापत्रक छापून कंट्रोल रूममध्ये लावा आणि साडेचार मीटरच्या वरचे दिवस रंगवा. त्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर रात्रपाळीत एक जादा माणूस ठेवा आणि तळघराचे संप पंप (खड्ड्यात साठलेलं पाणी उपसणारे) भरतीच्या दोन तास आधी चालवून खड्डा रिकामा करा. एक पंप चालू, एक तयार, आणि तिसरा डिझेलवर चालणारा, कारण पाणी आणि वीज एकाच रात्री दगा देतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ती रात्र ज्यांनी पंपरूममध्ये काढली ते तिसऱ्या पंपावर वाद घालत नाहीत.

डोंगराच्या बाजूचे कॅम्पस, म्हणजे खारघर किंवा बेलापूरच्या पारसिकच्या कुशीतले, त्यांचं दुखणं वेगळं. तिथे पाणी वरून माती आणि दगड घेऊन येतं. संरक्षक भिंतीतली पाणी झिरपायची भोकं काठी घालून मोकळी करा. ती बुजली की भिंतीमागे पाणी साठतं आणि भिंत पोट काढते. पावसात बिळांत पाणी शिरलं की साप बाहेर येतात. घोणस जिन्याखाली सापडली की वॉचमननं काठी उचलू नये, हे त्याला जूनच्या आधी सांगून ठेवा. वनविभागाचा १९२६ आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर प्रत्येक चौकीवर रंगानं लिहा. कागद भिजतो.

गच्ची हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात. वॉटरप्रूफिंगवर लाखो घालवण्याआधी पाण्याच्या पाइपांची तोंडं बघा. आमच्याकडच्या बहुतेक 'गळती'च्या तक्रारी पिंपळाच्या रोपामुळे, प्लास्टिकच्या पिशवीमुळे आणि मेलेल्या कबुतरांमुळे निघाल्या. तोंडं साफ करा, जाळी बसवा, मग गच्चीवर चार इंच पाणी २४ तास कोंडून खाली छत बघा. खरी गळती मेमध्येच दिसेल. फांद्या छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते (कायदा १९७५चा), अर्ज मार्चमध्ये टाका. खाडीची खारी हवा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रासायनिक कारखाने यांच्यामुळे गच्चीवरच्या लोखंडी शिड्या आणि एसीच्या बाहेरच्या युनिटांचे स्टँड आतून गंजतात. हातोडीनं ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला की बदला, रंग लावून झाकू नका.

आणि लोकल. हाउसकीपिंगच्या मावशी दिघा, कळवा, मुंब्रा, मानखुर्दहून येतात. ट्रान्स-हार्बर किंवा हार्बर बंद पडली की सकाळची पाळी कोसळते. ज्यांचं घर कॅम्पसपासून चालत येण्याच्या अंतरावर आहे अशा आठ-दहा जणांची यादी ठेवा, आणि रात्रपाळीला थांबावं लागलं तर त्यांच्यासाठी चादरी, जेवण, आणि ओव्हरटाइमची लेखी मंजुरी आधीच घेऊन ठेवा.

माणसं

तुमच्या हाताखालची नव्वद टक्के माणसं तुमच्या पगारपत्रकावर नसतात, ठेकेदाराच्या असतात. तरी ठेकेदारानं पैसे बुडवले तर मूळ मालक म्हणून जबाबदारी विद्यापीठावर येते. म्हणून बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याची पीएफ आणि ईएसआयसीची चलनं नावानिशी मागवा आणि हजेरीपटाशी ताडून पहा. चलनात ४० नावं आणि हजेरीत ५५, हे सापडतं. माझी आणखी एक सवय आहे. दर तिमाहीला पाच जणींना बोलावून त्यांच्याच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडायला लावायचं. एकीनं विचारलं होतं, "साहेब, हे माझेच पैसे आहेत?" तीन वर्षं काम करून तिला ते माहीत नव्हतं. त्यांना बसून डबा खायला जागा द्या, कपडे बदलायला खोली द्या. माणसं टिकतात, आणि दर महिन्याला नव्या मावशीला ॲसिड कुठे वापरायचं नाही हे शिकवत बसावं लागत नाही.

एका बाबतीत मात्र कोणतीही सबब ऐकू नका. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरणार नाही. हाताने मैला उचलण्यावर आणि अशा धोकादायक सफाईवर २०१३चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तरीही रविवारी दुपारी तुंबलेलं चेंबर बघून ठेकेदार म्हणेल, 'साहेब, पाच मिनिटांचं काम आहे, पोरगा उतरेल.' आतल्या हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की आधी नाकच बधिर होतं. वास येत नाही म्हणून माणूस आत जातो आणि त्याला ओढायला दुसरा उतरतो. जेटिंग मशिन आणि सक्शन टँकरचा दरकरार वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवा, म्हणजे रविवारी टिपणी लिहायची वेळ येत नाही.

पाणी आणि वीज

पाण्याच्या टाक्या सहा महिन्यांनी धुवा, कूलरच्या नळावर क्लोरीन मोजा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं दिसलं पाहिजे. प्रयोगशाळेचा अहवाल मागवताना नमुना टाकीतला नको, हॉस्टेलच्या शेवटच्या मजल्यावरच्या नळाचा द्या.

विजेचं बिल दर महिन्याला स्वतः वाचा. राज्यात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर (नुसत्या कामी आलेल्या नाही, घेतलेल्या एकूण विजेवर) आकारणी होते. म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) घसरला की बिल थेट वाढतं. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलवरच्या जळक्या युनिटची किंमत काही हजार असते आणि ते पॅनेल कोणी उघडून बघत नाही. उलटही घडतं. सुट्टीत भार नसताना कपॅसिटर चालूच राहिले तर पॉवर फॅक्टर पुढे जातो, तोही मोजला जातो. रात्रीचा आलेख काढून पाहा. रिकाम्या वर्गांतले एसी, चालू राहिलेले गीझर, चोवीस तास फिरणारे पंखे सगळे तिथे उघडे पडतात.

फाइल कशी लिहायची

वित्त अधिकाऱ्याला कंप्रेसर कळत नाही आणि कळायची गरजही नाही. टिपणीत चार गोष्टी पुरतात: काय आहे आणि किती जुनं, काय करायचं आणि किती पैसे, कधी करायचं, आणि नाही केलं तर काय अडेल. चौथ्या ओळीत 'गंभीर परिणाम होऊ शकतात' लिहू नका. 'मार्चमध्ये लिफ्ट बंद पडल्यास चौथ्या मजल्यावरचं परीक्षा केंद्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वापरता येणार नाही' असं लिहा. फाइल हलते. नाकारली गेली तरी ती ओळ फाइलीत राहते, आणि पुढच्या वर्षी तिचा उपयोग होतो. रॅम्पचं कामही असंच पुढे ढकललं जातं. उतार १:१२ पेक्षा तीव्र असेल तर तो रॅम्प म्हणून दाखवू नका, नवा करायला लिहा.

तक्रारींबद्दल एकच सांगतो. तक्रार बंद करायचा अधिकार तंत्रज्ञाला देऊ नका, तक्रारदाराला द्या. आकडे पहिले दोन महिने वाईट दिसतील, दिसू द्या.

वर्षअखेरीची परीक्षा

अकराव्या महिन्यात, दिवस शांत बघून, आठ दिवसांची रजा टाका. गावी जा. फोन चालू ठेवा, पण स्वतःहून करू नका. आलेला प्रत्येक फोन वहीत लिहा: कोणाचा, कशासाठी, आणि त्याचं उत्तर कुठे लिहिलेलं असायला हवं होतं. तीच तुमची पुढच्या वर्षाची कामांची यादी.

मी पहिल्यांदा अशी रजा घेतली तेव्हा मला १७ फोन आले. त्यातले ११ चाव्यांसाठी होते, आणि एक तर पंपरूमच्याच चावीसाठी.